घरात कुत्रा आहे? मग अंगणातल्या या झाडांची नावं माहीत असायला हवीत

'कुत्र्यांसाठी विषारी झाडं' असं इंटरनेटवर शोधलं की ट्युलिप, डॅफोडिल, अझेलिया, लिली ऑफ द व्हॅली अशी नावं समोर येतात. यातल्या बहुतेक याद्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या बागा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. इथे कुठल्या बंगल्यासमोर ट्युलिपचा ताटवा दिसणार?

इथल्या अंगणात असते कण्हेर. कंपाउंडला लागून बिट्टी, गेटच्या दोन्ही बाजूंना सायकस, कुंडीत पानफुटी आणि सदाफुली, हॉलमध्ये मनीप्लांट आणि कोपऱ्यात खताची पिशवी. इंग्रजी यादी वाचून 'आपल्याकडे यातलं काहीच नाही' असं म्हणत माणूस निश्चिंत होतो, पण यातली काही झाडं कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. दुसऱ्या बाजूला, काही झाडांची भीती विनाकारण घातली जाते.

त्यामुळे खरा प्रश्न असा आहे: नागपूरच्या घराभोवती दिसणाऱ्या झाडांपैकी नेमकी कोणती धोकादायक आहेत, किती धोकादायक आहेत आणि कुत्र्याने ती खाल्लीच तर काय करायचं?

कुत्रे झाडं का खातात?

कुत्रा मांसाहारी वर्गातला प्राणी असला तरी गवत, पानं, मुळं चघळणं ही त्याची नेहमीची सवय आहे. पोट बिघडलं म्हणूनच तो गवत खातो असं नाही. धडधाकट कुत्रेही गवत खातात.

सगळ्यात जास्त धोका पिल्लांना असतो. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात त्यांचे दुधाचे दात पडून नवे दात येतात. या काळात चप्पल, चटई, कुंडीतलं झाड, जे समोर येईल ते चावलं जातं. शिवाय पिल्लाला कडू चवीचा अनुभव नसतो. गाय किंवा शेळी सहसा टाळते ती पानंही ते तोंडात घालतं.

दुसरं कारण कंटाळा. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर कुत्र्याला फिरायला नेणं अवघड होतं. दिवसभर घरात किंवा बाल्कनीत कोंडलेला कुत्रा कुंड्या उकरतो. पावसाळ्यात उलट होतं. अंगणात सगळीकडे कोवळी पालवी फुटते, माती भुसभुशीत होते आणि कुत्र्याला जमिनीतले कंद, खत, बिया सगळंच सापडतं.

तिसरं कारण माणसं स्वतः तयार करतात. 'आण' म्हणून फेकण्यासाठी हाताशी येईल ती काटकी तोडली जाते. ती कण्हेरीची असेल तर खेळ महागात पडू शकतो.

विषारी म्हणजे नेमकं किती विषारी?

बहुतेक याद्यांमध्ये सगळी झाडं एकाच रांगेत बसवलेली असतात. प्रत्यक्षात त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

- जीव घेऊ शकणारी: कण्हेर, बिट्टी, सायकस, एरंड, गुंज, कळलावी, रुई, धोतरा.
- तोंड आणि घसा भाजणारी: मनीप्लांट, डायफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, कॅलेडियम, झेडझेड प्लांट, अळू.
- पोट बिघडवणारी: कोरफड, स्नेक प्लांट, लकी बांबू, शेवंती.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुत्र्याचं वजन. आठ किलोचा पग आणि तीस किलोचा लॅब्रेडॉर यांनी तेवढीच पानं खाल्ली, तर पगच्या शरीरात वजनाच्या मानाने जवळपास चौपट विष जातं. त्यामुळे 'आमच्या आधीच्या कुत्र्याने खाल्लं होतं, त्याला काही झालं नाही' या अनुभवावर विसंबून राहता येत नाही.

प्राण्याप्राण्यातही फरक असतो. खरी लिली मांजराने थोडी चघळली तरी त्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुत्र्याचं मात्र त्याच लिलीने बहुतेक वेळा फक्त पोट बिघडतं. म्हणून मांजरांची यादी कुत्र्यांना लावू नये आणि कुत्र्यांची मांजरांना.

कण्हेर आणि बिट्टी: थेट हृदयावर परिणाम

कण्हेर नागपुरात सगळीकडे दिसते. घरांच्या कंपाउंडला, सोसायट्यांच्या बागेत, महामार्गांच्या दुभाजकांवर. याचं कारण सोपं आहे. ती कडक ऊन सोसते, पाणी कमी लागतं, वर्षभर फुलते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. गुरं तोंड लावत नाहीत, कारण ती कडू आणि विषारी आहे. दुभाजकासाठी जो गुण ठरतो, तोच घरातल्या पिल्लासाठी धोका असतो.

कण्हेरीच्या पान, फूल, खोड, मूळ अशा सगळ्या भागांमध्ये ओलिएंड्रिन आणि त्याच प्रकारची इतर द्रव्यं असतात. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम आणि पोटॅशियम या क्षारांची सतत ये-जा सुरू असते आणि त्यासाठी पेशीच्या आवरणावर एक प्रकारचा पंप असतो. कण्हेरीतली द्रव्यं हा पंप बंद पाडतात. परिणामी हृदयाचे ठोके अनियमित होतात, कधी फार मंद, कधी फार जलद, आणि शेवटी हृदय थांबू शकतं.

सुरुवातीची लक्षणं मात्र साधी वाटतात: लाळ गळणं, उलट्या, जुलाब, सुस्ती. त्यामुळे 'काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून घरचे वाट पाहतात आणि उपचाराचे महत्त्वाचे तास निघून जातात.

वाळलेल्या पानांमध्येही विष टिकून राहतं. म्हणून छाटणीनंतर कोपऱ्यात रचलेला पाल्याचा ढीग उभ्या झाडाइतकाच धोकादायक असतो. फुलदाणीत कण्हेर ठेवली असेल तर तिचं पाणीही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. पाला जाळणंही टाळावं, कारण त्याचा धूर त्रासदायक असतो.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. घंटेच्या आकाराची पिवळी फुलं आणि त्रिकोणी हिरवी फळं असलेलं हे झाड. हिचं विषही कण्हेरीसारखंच काम करतं आणि ते बियांमध्ये सर्वाधिक असतं. फळं आपोआप जमिनीवर गळतात, चेंडूसारखी घरंगळतात. चेंडूमागे धावणाऱ्या प्राण्याला आणखी काय हवं?

माणसांमध्येही बिट्टीच्या बिया खाऊन झालेल्या विषबाधेच्या घटना भारत आणि श्रीलंकेत मोठ्या प्रमाणावर नोंदल्या गेल्या आहेत. या विषावर एक विशिष्ट प्रतिपिंडांचं औषध आहे. श्रीलंकेतल्या रुग्णांवर त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे, परदेशात कुत्र्यांनाही ते दिलं गेलं आहे. पण ते खूप महाग आहे आणि भारतात सहज मिळत नाही. त्यामुळे इथे भिस्त आहे ती विष पोटातून लवकर बाहेर काढण्यावर आणि हृदय सांभाळण्यावर.

सायकस: कुत्रा बरा झाल्यासारखा वाटतो, तेव्हाच सावध राहायचं

बंगल्यांच्या गेटजवळ, ऑफिसांच्या लॉनवर, हॉटेलांच्या दारात दिसणारं, जाड बुंध्याचं आणि ताठ, काळपट हिरव्या पानांचं बुटकं झाड म्हणजे सायकस. इंग्रजीत त्याला सॅगो पाम म्हणतात, पण ते पाम नाही. सायकॅड या अतिप्राचीन वनस्पतींच्या गटातलं ते झाड आहे.

त्याच्या सगळ्या भागांत सायकॅसिन नावाचं द्रव्य असतं आणि शेंदरी-तांबड्या बियांमध्ये ते सर्वात जास्त असतं. एक-दोन बियाही कुत्र्यासाठी जीवघेण्या ठरू शकतात. आतड्यातले जिवाणू सायकॅसिनचं रूपांतर आणखी घातक द्रव्यात करतात आणि ते यकृताच्या पेशी मारतं.

या विषबाधेची फसवी गोष्ट तिच्या वेळापत्रकात आहे. पहिल्या काही तासांत उलट्या होतात. मग त्या थांबतात, कुत्रा थोडा सावरल्यासारखा वाटतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण यकृताचं नुकसान आतल्या आत सुरूच असतं. दोन-तीन दिवसांनी डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, शौचातून रक्त जातं, पोटात पाणी होतं, झटके येऊ शकतात. या टप्प्यावर आणलेल्या कुत्र्याला वाचवणं फार कठीण असतं. वेळेत उपचार होऊनही बरेच कुत्रे दगावतात.

नर्सरीतून झाड आणताना अरेका पाम आणि सायकस यांच्यात गल्लत होऊ शकते. फरक ओळखायला सोपा आहे. अरेकाला बांबूसारखी अनेक बारीक खोडं असतात आणि पानं मऊ, लवचिक असतात. सायकसला एकच जाड, खरबरीत बुंधा असतो आणि पानांची टोकं हाताला टोचतात. अरेका कुत्र्यांसाठी सुरक्षित आहे, सायकस नाही.

एरंडी पेंड: झाड नाही, पण बागेतच असते

एरंडाच्या बीमध्ये रिसिन हे जगातल्या अत्यंत घातक विषांपैकी एक विष असतं. १९७८ मध्ये लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांची हत्या रिसिनची बारीक गोळी शरीरात सोडून झाली होती, असं मानलं जातं. रिसिन शरीरातल्या पेशींची प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच बंद पाडतं.

एरंडाची अख्खी बी न चावता गिळली तर तिच्या कठीण कवचामुळे ती तशीच बाहेर पडू शकते. चावली गेली तर मात्र धोका मोठा असतो. पण कुत्र्यांच्या बाबतीत बीपेक्षाही जास्त लक्ष द्यायला हवं ते एरंडीच्या पेंडीकडे.

एरंडीचं तेल काढल्यानंतर उरणारी पेंड सेंद्रिय खत म्हणून विकली जाते. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते, त्यामुळे ही पेंड स्वस्त आणि सहज मिळते. रिसिन तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहतं. पुरेशी उष्णता देऊन ते नष्ट करता येतं, पण खतासाठीची प्रत्येक पेंड तशी प्रक्रिया केलेली असेलच असं नाही.

कण्हेर कडू असते, पेंडीचं तसं नाही. पेंडीचा वास कुत्र्याला खाण्यासारखा वाटतो. त्यात हाडांचा चुरा मिसळला असेल तर तो कुंडी उकरून किंवा पिशवी फाडून पोटभर खातो. अशा खतामुळे कुत्रे दगावल्याच्या घटना ब्राझील आणि दक्षिण कोरियातल्या पशुवैद्यकांनी नोंदवल्या आहेत.

खाल्ल्यानंतर काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही उलट्या, रक्ताचे जुलाब, पोटदुखी आणि प्रचंड अशक्तपणा ही लक्षणं दिसू शकतात. रिसिनवर उतारा नाही. सलाईन आणि लक्षणांनुसार उपचार एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं.

कुत्रा असलेल्या घरात एरंडी पेंड आणूच नये, हा सर्वात सोपा उपाय. माळी खत आणत असेल तर पिशवीवर काय लिहिलंय ते पाहावं. 'सेंद्रिय' असं लिहिलंय म्हणजे ते प्राण्यांसाठी सुरक्षित आहे, असा अर्थ होत नाही.

पत्री, हार आणि निर्माल्य

परदेशी याद्यांमध्ये न सापडणारा एक धोका आपल्या सणवारांशी जोडलेला आहे. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या २१ पत्रींमध्ये रुई, धोतरा आणि कण्हेर या तिन्हींची पानं असतात. महाशिवरात्रीला शंकराला धोतऱ्याचं फूल आणि फळ वाहतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घातला जातो. पूजेला अर्थातच धोका नाही. प्रश्न येतो दुसऱ्या दिवशी, जेव्हा निर्माल्य परडीत किंवा पिशवीत भरून जमिनीवर ठेवलं जातं. त्यात नैवेद्याचे कण, खोबरं, दूध सांडलेलं असतं. कुत्रा त्या वासाने येतो आणि पानांसकट खातो.

रुईच्या पांढऱ्या चिकात कण्हेरीसारखीच हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. हा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यालाही इजा होते.

धोतऱ्याचं काम वेगळं आहे. त्यातल्या ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीनमुळे कुत्र्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, हृदयाचे ठोके वाढतात. कुत्रा बिथरतो, भिंतीला धडकतो, तोल जातो, झटके येऊ शकतात. बघणाऱ्याला तो पिसाळला की काय अशी शंका येते. अशा वेळी अंगणात धोतरा आहे का किंवा पूजेत वापरला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. अर्थात रेबीजची शक्यता गृहीत धरून त्याच्या तोंडात हात घालू नये.

यात एक विलक्षण जोड आहे. हेच ॲट्रोपीन शुद्ध स्वरूपात, मोजून दिलं तर कण्हेरीच्या विषबाधेत मंदावलेलं हृदय सावरायला डॉक्टरांना उपयोगी पडतं. त्यासाठी ईसीजी पाहून मात्रा ठरवावी लागते. धोतऱ्याचं पान चोळून देणं हा त्याला पर्याय नाही.

मनीप्लांटने घसा का खवखवतो?

विदर्भात धोपा म्हणून ओळखला जाणारा अळू नीट शिजला नाही किंवा त्यात चिंच घालायची राहिली की घसा खाजतो, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत असतं. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते तोंडाच्या मऊ त्वचेत घुसतात.

मनीप्लांट, डायफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, कॅलेडियम, पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातली झाडं. त्यांच्या पानातही हेच स्फटिक असतात. कुत्र्याने पान चावलं की लगेच आग होते. तो लाळ गाळतो, पंजाने तोंड घासतो, जीभ सुजते. डायफेनबेकियाला इंग्रजीत 'डम्ब केन', म्हणजे मुकं करणारी काडी, असं नाव पडलं ते याच कारणाने.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही की आग लगेच होत असल्यामुळे कुत्रा दुसरा घास सहसा घेत नाही. बहुतेक कुत्रे काही तासांत ठीक होतात. ओल्या कापडाने तोंड पुसावं, प्यायला थंड पाणी द्यावं. पण घशाला सूज येऊन श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थांबू नये.

'औषधी आहे' म्हणजे सुरक्षित आहे का?

पानफुटी अनेक घरांत मूतखड्यावरचं औषध म्हणून लावली जाते. कोरफड चेहऱ्याला आणि केसांना लावतात. सदाफुली तर कुठेही उगवते. ही तिन्ही 'औषधी' म्हणून ओळखली जातात आणि म्हणूनच निरुपद्रवी समजली जातात.

पानफुटी आणि हिवाळ्यात नर्सऱ्यांमध्ये रंगीबेरंगी फुलांनी भरलेलं कॅलेंचो ही एकाच गटातली झाडं. त्यांच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. थोडं पान खाल्लं तर उलट्या-जुलाबावर भागतं, जास्त खाल्लं तर ठोके बिघडू शकतात. कोरफडीने उलट्या आणि जुलाब होतात.

सदाफुलीचं उदाहरण सर्वात बोलकं आहे. तिच्यापासून मिळणारं व्हिनक्रिस्टीन हे माणसांच्या काही कर्करोगांवरचं औषध आहे. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा गाठींचा एक कर्करोग असतो. त्यावरही पशुवैद्यक व्हिनक्रिस्टीनच वापरतात आणि बहुतेक कुत्रे त्याने बरे होतात. पण ही मात्रा कुत्र्याच्या आकारमानानुसार मोजून, थेट शिरेतून दिली जाते. कुंडीतलं झाड चघळणाऱ्या कुत्र्याच्या पोटात किती विष गेलं, हे कोणी मोजलेलं नसतं.

संत्र्याचं काय?

नागपूरकरांच्या मनात हा प्रश्न येणारच. सोललेल्या संत्र्याच्या एक-दोन फोडी, बिया काढून, निरोगी कुत्र्याने खाल्ल्या तर काळजीचं कारण नाही. साल, पानं आणि बियांमध्ये मात्र तीव्र वासाची तेलं आणि इतर त्रासदायक द्रव्यं असतात. त्यांनी उलट्या, जुलाब होऊ शकतात. तो वास बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही, म्हणून ते सहसा स्वतःच दूर राहतात. तरीही सालींचा ढीग कुत्र्याच्या तोंडाशी ठेवू नये.

परसबागेतला कांदा आणि लसूण यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. त्यांच्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. परिणाम लगेच न दिसता काही दिवसांनी हिरड्या फिकट पडणं, लघवी गडद होणं असा दिसतो.

कुत्र्याने काही खाल्लं तर काय करायचं?

१. तोंडातलं काढा, कुत्र्याला झाडापासून दूर करा. तो चावणार नाही याची काळजी घेऊन तोंडात उरलेली पानं बाहेर काढा.

२. झाड ओळखा. फांदी, फळ किंवा उलटीतला तुकडा पिशवीत घ्या. मोबाइलवर झाडाचा फोटो काढा. खत खाल्लं असेल तर पिशवीच सोबत घ्या. डॉक्टरांसाठी 'काहीतरी पान खाल्लं' आणि 'बिट्टीच्या दोन बिया खाल्ल्या' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

३. लगेच फोन करा. चार गोष्टी सांगा: काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन. पहिल्या गटातलं झाड असेल तर लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका.

४. घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजणं धोकादायक आहे. जास्त मिठाने वेगळीच विषबाधा होते. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याला उलटी करवली तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

५. दूध, तूप, तेल पाजू नका. दुधाने कण्हेरीचं किंवा सायकसचं विष उतरत नाही. उलट्या होत असलेल्या कुत्र्याच्या घशात जबरदस्तीने काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

दवाखान्यात लवकर पोहोचल्यास, साधारण पहिल्या दोन तासांत, डॉक्टर औषध देऊन सुरक्षितपणे उलटी करवू शकतात. त्यानंतर विष शोषून घेणारा औषधी कोळसा, सलाईन, ईसीजी आणि रक्ततपासण्या असा उपचाराचा क्रम असतो.

नागपुरात सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ मध्ये सुरू झालेलं हे महाविद्यालय आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथल्या चिकित्सालयात पाळीव प्राण्यांवरही उपचार होतात. मात्र विषबाधा ओपीडीची वेळ बघून होत नाही. म्हणून चिकित्सालयाच्या वेळा, घराजवळच्या पशुवैद्यकांचा नंबर आणि रात्री कोण उपलब्ध असतं याची माहिती आधीच काढून फ्रिजवर चिकटवून ठेवावी. रात्री अकरा वाजता ती शोधत बसणं परवडणारं नसतं.

मग बागच काढून टाकायची का?

अजिबात नाही. गुलाब, मोगरा, झिनिया, ॲस्टर, सूर्यफूल, अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न ही झाडं कुत्र्यांसाठी बिनविषारी मानली जातात. अर्थात कुठलंही पान पोटभर खाल्लं तर उलटी होऊ शकते आणि गुलाबाचा काटा काटाच असतो.

मनीप्लांट, पीस लिली यांसारखी झाडं टांगत्या कुंडीत किंवा उंचावर ठेवली की काम भागतं. शेवंती, कोरफड, स्नेक प्लांट जाळीआड ठेवता येतात.

सायकस, कण्हेर आणि बिट्टी यांच्याबाबत मात्र तडजोड नको. घरात पिल्लू येणार असेल तर ही झाडं आधीच काढावीत. मोठी झाडं काढणं शक्य नसेल तर भोवती कुत्रा ओलांडणार नाही असं कुंपण घालावं, गळालेली फळं आणि पानं रोज उचलावीत, सायकसला बिया धरण्याआधीच तुरा छाटावा. कापलेला पाला त्याच दिवशी अंगणाबाहेर जायला हवा.

सोसायटीत राहणाऱ्यांना हे एकट्याने करता येत नाही. बागेत कोणती झाडं आहेत, माळी कोणतं खत घालतो आणि निर्माल्य कुठे ठेवलं जातं, हे तीन प्रश्न सोसायटीच्या बैठकीत विचारता येतात. याचा फायदा फक्त पाळीव कुत्र्यांना होत नाही. बिट्टीच्या बिया आणि एरंडाच्या बिया लहान मुलांसाठीही तेवढ्याच घातक आहेत. आणि गेटबाहेर राहणाऱ्या भटक्या कुत्र्याने काय खाल्लं, हे डॉक्टरांना सांगायला तर कोणीच नसतं.

सुरुवात आजच करता येईल. अंगणात आणि बाल्कनीत एक फेरी मारायची, प्रत्येक झाडाचा फोटो काढायचा, नाव माहीत नसेल तर नर्सरीवाल्याला विचारायचं आणि पुढच्या लसीकरणाच्या वेळी ती यादी आपल्या पशुवैद्यकांना दाखवायची.